अक्कांच्या दारातली विद्वानांची पंगत

अक्का कुणाला बघून उठत नसत. अमीनसाहेबांची घोडी गल्लीत शिरली की ओट्यावर, पारावर बसलेलं आमचं अख्खं तेर गाव झटक्यात उभं राहायचं. कुणी मुंडासं सारखं करायचं, कुणी तोंडातलं पान थुंकून यायचं. अमीन म्हणजे निजामाच्या राज्यातला पोलिसांचा अंमलदार. त्याच्यासमोर बसून राहणं म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगून कळायचं नाही. अक्का मात्र ओट्यावर पाय पसरून डाळ निवडत असायच्या आणि तशाच निवडत राहायच्या. मान वर करून "या, बसा" एवढंच म्हणायच्या. अमीनसाहेबही बिचारे कधीकधी बसायचे.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं, त्यांचा स्वतःचा मुलगाही, म्हणून मीही तेच म्हणू लागले. मी लोहाऱ्याकडची. माहेरी आम्ही देवापुढं मराठीत बोलायचो आणि चिडलो की कानडीत, त्यामुळं सासरी आल्यावर पहिले काही महिने माझी चिडण्याची पंचाईत झाली. एकदा चुलीपाशी रागारागानं कानडीत पुटपुटत होते, तर अक्का मागून आल्या आणि त्याच भाषेत म्हणाल्या, की शिव्या देत भाकरी थापू नये, कडा फाटतात. त्यांचं माहेर आळंदकडचं, कानडी मुलखातलं, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवसापासून आमचं जमलं. भांडणंही झाली, पण ती दोन भाषांत झाली.

"कुणी सांगितलं? बोलव त्याला." हे अक्कांचं ठरलेलं बोलणं. असं करायचं नसतं, तसं चालत नाही, असं कुणी म्हणालं की त्या आवाज न चढवता हे विचारायच्या. मामंजी वारले तेव्हा घरची धान्याची आडत होती आणि मुलगा लहान. भावकीतली माणसं सुतकाच्या नावाखाली येऊन बसली आणि म्हणाली, की विधवेनं तराजूपाशी बसणं बरं दिसत नाही, आडत आम्ही बघतो. अक्कांनी विचारलं, कुणी सांगितलं, बोलवा त्याला. दुसऱ्या दिवशी अक्का दुकानात जाऊन तराजूपाशी बसल्या आणि पुढं कित्येक वर्षं बसल्या. मापात त्यांनी कधी कुणाला फसवलं नाही आणि कुणाला फसवू दिलंही नाही.

अशा बाईच्या पोटी आमचे मास्तर कसे जन्मले, ते त्या महादेवालाच ठाऊक. मास्तर म्हणजे आमचे हे. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती, आणि आता या वयात माझी जीभ वळायची नाही. गावच्या सरकारी शाळेत ते शिकवत. स्वभाव इतका गरीब, की पोरांनी वर्गात दंगा केला तर हेच बाहेर जाऊन उभे राहायचे. वरच्या वर्गांना सगळं उर्दूतून शिकवायचं असे. मास्तरांचं उर्दू फार सुरेख होतं, त्याची त्यांना गोडीही होती. पण जीव गुंतला होता गावाभोवतीच्या मातीच्या टेकाडांत. पावसाळा सरला की या टेकाडांतून जुन्या विटा, मणी, खापरं वर येतात. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही, पोरं त्या मण्यांनी खेळायची. मास्तर मात्र तिथं हिंडायचे, हैदराबादहून पुस्तकं मागवायचे आणि एक निबंध लिहीत बसायचे, तोही मराठीत. या मातीखाली कुठलं शहर गाडलं गेलंय, तिथली माणसं काय विणत होती, ते कापड बैलांवर लादून समुद्रापर्यंत कसं जात होतं, असलं सगळं त्यात होतं. मला त्याचं कौतुक नव्हतं, खरं सांगते. रॉकेल जळतंय एवढंच मला दिसायचं.

दुसरी लढाई संपून फार दिवस झाले नव्हते. थंडीत हैदराबादेला देशोदेशीच्या विद्वानांची परिषद भरायची होती. तिथल्या कॉलेजातले एक प्रोफेसर आपल्याच मुलखातले. त्यांनी मास्तरांना कळवलं, की परिषदेतले काही पाहुणे एक दिवस तेरला येतील, टेकाडं बघतील आणि दुपारी शाळेत परिषदेचीच एक बैठक भरेल. पाहुणे आपापलं वाचतील आणि मास्तरांनी आपला निबंध वाचायचा. मराठीतच वाचा, मी त्यांना समजावून देतो, असं प्रोफेसरांनी मुद्दाम कळवलं होतं. मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. आयुष्यभर जे एकट्यानं कुरवाळलं, ते जगातल्या जाणत्या माणसांसमोर, आपल्या गावात, आपल्या भाषेत वाचायचं. त्यांना दुसरं काही नकोच होतं. गावात नुसता बोलबाला, कुणी तर विलायतेचा राजाच येणार म्हणून सांगत सुटलं. अक्कांनी फक्त विचारलं, की त्या लोकांना तिखट चालतं का.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी सकाळी अमीनसाहेबांचा शिपाई हुकूम घेऊन आला. पाहुण्यांनी टेकाडं बघावीत, देऊळ बघावं आणि संध्याकाळच्या छोट्या गाडीनं परत जावं. शाळेत बैठक भरणार नाही. जलसा म्हणजे सभा नको, तकरीर म्हणजे भाषण नको, मराठीतून तर नकोच नको. त्या काळी चार माणसं जमून कुणी बोलायला लागलं की सरकारला धास्ती वाटायची, आणि बोलणं मराठीत असलं की जरा जास्तच. कचेरीत कुणी चुगली केली होती ते आम्हाला कधी कळलं नाही. निबंधाचे कागद मास्तरांनी फडक्यात बांधले आणि फळीवर टाकून दिले. जाऊ दे, म्हणाले, नोकरी तरी टिकेल. मला पटलं ते. माझ्या कडेवर तान्हं पोर होतं.

अक्का ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मास्तरांना हुकूम पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावला, उर्दूचा अर्थ सांगायला लावला. मग विचारलं, "ह्यात जेवायला बंदी लिवलीय का?"

मास्तर म्हणाले, नाही.

"आन पंगतीत श्लोक म्हणायला?"

मास्तरांनी हुकूम वरपासून खालपर्यंत पुन्हा चाळला. "मग झालं की," अक्का म्हणाल्या, "दारात मांडव घाल."

आता ज्यांनी तशा पंगती पाहिल्या नाहीत त्यांना सांगायला हवं. आमच्याकडं पंगत बसली की जेवता जेवता एकेकानं काही म्हणायचं. कुणी संस्कृत श्लोक म्हणे, कुणी अभंग, आमच्या लिंगायतांत कुणी कानडी वचन म्हणे. म्हणून झालं की सगळ्या पंगतीनं "हर हर महादेव" म्हणायचं आणि म्हणणाऱ्याच्या पानावर तुपाची धार पडायची. आणखी एक रीत होती, ती तर फारच कडक. पानावर सगळ्यात आधी मीठ वाढतात. मीठ वाढून पहिला घास घेतला की सगळ्यांची जेवणं होईपर्यंत कुणी उठायचं नाही. मध्येच उठला त्यानं पंगत मोडली, आणि पंगत मोडणाऱ्याच्या घरी पुढं वर्षानुवर्षं कुणी पाणी प्यायला जात नसे. घरात आग लागली तरी माणूस आधी शेजाऱ्यांची तोंडं बघायचा. अक्कांच्या डोक्यात काय शिजतंय ते माझ्या ध्यानात आलं आणि मी पोराला झोळीत टाकून गहू निवडायला बसले.

भावकी पुन्हा आली. गोरे लोक, त्यात एक बाई, त्यात मिसरदेशाचे, म्हणजे इजिप्तचे, एक मुसलमान प्रोफेसर, वर अक्का अमीनसाहेबांनाही बोलावणार आणि सगळ्यांना एकाच पंगतीला बसवणार, हे ऐकून त्यांचं डोकंच फिरलं होतं. मठात काय सांगायचं, सोयरीक कोण करणार, असं बराच वेळ चाललं. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. "पंगत माझ्या दारात हाय," त्या म्हणाल्या. "ज्याला बसायचं न्हाई त्यानं मीठ वाढायच्या आधी सांगावं. मागनं कुरकुर नको." भावकीतले निम्मे दुसऱ्या दिवशी पंगतीला होते. हुग्गीचा वास गल्लीभर सुटल्यावर माणूस किती वेळ धर्म सांभाळणार. हुग्गी म्हणजे गव्हाची, गुळाची खीर. तिला आमच्याकडं कुणी नाही म्हणत नाही.

अमीनसाहेबांना आमंत्रण द्यायला अक्का स्वतः चावडीवर गेल्या. ते पाहुण्यांवर लक्ष ठेवायला येणारच होते, आता ते जेवायलाही आले. मांडवात रांगोळी, पळसाच्या पत्रावळी, पाटावर अवघडून बसलेले साहेब, मागं सगळी गल्ली, हे बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी विचारलं, "अम्मा, जलसा तो नहीं है ना?" अक्का म्हणाल्या, जेवण आहे, आणि त्यांना मिसरच्या प्रोफेसरांच्या शेजारचा पाट दाखवला. परदेशी पाहुण्याच्या शेजारी मानाचा पाट मिळाला म्हणून अमीनसाहेब खूश झाले. बसले. मी मीठ वाढलं. त्यांनी बिस्मिल्ला म्हणून घास घेतला तेव्हा अक्कांनी माझ्याकडं एकदाच बघितलं.

सुरुवात हैदराबादच्या प्रोफेसरांनी केली. रीतसर एक संस्कृत श्लोक म्हटला, गल्लीनं हर हर महादेव केलं, तुपाची धार पडली. मग त्यांनी पाहुण्यांना इंग्रजीत समजावलं, की इथली बैठक अशीच असते. परिषद सुरू झाली. मिसरच्या प्रोफेसरांनी बसल्या मांडीनंच त्यांच्या किनाऱ्यावरच्या जुन्या बंदरांची माहिती सांगितली. आपल्याकडचं कापड त्या बंदरांत उतरायचं, असं ते म्हणाले. हैदराबादचे प्रोफेसर एकेक वाक्य मराठीत करत होते. शेवटी मिसरच्या पाहुण्यांनी अरबीतून काही म्हटलं. अमीनसाहेबांनी डोळे मिटले, "सुभानअल्ला" म्हणाले, आणि आपण काय ऐकतोय हे क्षणभर विसरलेच. फ्रान्सच्या बाईंना टाळी वाजवायची सवय. त्यांनी भरल्या हातांनी टाळ्या वाजवल्या आणि शेजारच्याच्या कोटावर आमटी उडाली. हसून हसून पोरं मांडवाच्या खांबाला धरून बसली.

एक लांबुडके इंग्रज साहेब फक्त बघायला आले होते, त्यांच्याजवळ वाचायला काही नव्हतं. पण अक्कांचा समज झाला, की पाहुणा लाजतोय. त्या तुपाची वाटी घेऊन त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हलेचनात. प्रोफेसरांनी समजावलं तरी नाही. शेवटी त्या माणसानं लाल होत लहान मुलांचं कसलंसं गाणं म्हटलं. गल्लीनं हर हर महादेव इतक्या जोरात केलं की बैल बुजले. त्यांच्या पानावर अक्कांनी सगळी वाटी रिकामी केली.

मग त्या म्हणाल्या, आता घरचा श्लोक.

घरच्या माणसानं पाहुण्यांच्या पंगतीला बसायचं नसतं, पण मास्तरांना त्यांनी हट्टानं बसवलं होतं. फळीवरचं फडकं कधी काढलं कुणास ठाऊक, कागद मास्तरांच्या पाटाखाली ठेवलेले होते. मास्तरांनी ते काढले. त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि ती कुणालाच ऐकू गेली नाही. अक्का पंगतीच्या दुसऱ्या टोकावरून म्हणाल्या, "मास्तर, मोठ्यानं. मागच्या पानावर ऐकू येत न्हाई."

मास्तरांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला अमीनसाहेबांच्या ध्यानात आलं की हा श्लोक नव्हे. हातातला घास पानावर ठेवून ते उठू लागले. अक्का खिरीचा ओगराळा घेऊन त्यांच्यासमोर आल्या. आवाज नेहमीचाच होता. "साहेब, मीठ खाल्लंय तुमी. पंगत मोडू नका."

अमीनसाहेबांनी पंगतीकडं बघितलं. सगळ्यांचे हात अन्नात, सगळ्यांची तोंडं त्यांच्याकडं. शेजारचे मिसरचे प्रोफेसर कानाला हात लावून मास्तरांकडं झुकलेले. अमीनसाहेब वाईट माणूस नव्हते. अर्धवट उठलेले ते पुन्हा टेकले. जरा वेळानं म्हणाले, "अम्मा, ये श्लोक बहुत लंबा है."

"व्हय," अक्का म्हणाल्या, "म्हणून खीर लई केलीय."

मास्तर वाचत होते. इतकी वर्षं ज्याला मी रॉकेलचा नास म्हणत होते ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ज्या टेकाडावर मी गोवऱ्या थापत होते, त्याखाली रंगाऱ्यांचे हौद होते, लोक राहत होते, बायका गळ्यात ते मणी घालत होत्या. आमच्या गावाला नाव होतं आणि ते समुद्रापार लोकांना माहीत होतं. मास्तरांचा आवाज वाढत गेला, शेवटी शेवटी तर ते गल्लीच्या टोकाला बोलत असल्यासारखे वाचत होते. मला रडू फुटलं. हातात खिरीचं पातेलं, डोळे पुसायची सोय नाही. वाचून संपलं. मग शेवटच्या पानावरचे एक म्हातारे हर हर महादेव म्हणाले आणि सगळी गल्ली ओरडली. मास्तरांच्या पानावर तूप अक्कांनी स्वतः वाढलं. परिषदेतला तेवढाच एक निबंध तेरमध्ये मराठीत वाचला गेला, आणि तो कुणाच्या इजाजतीनं वाचला गेला नाही.

पुढचं सांगण्यात मला गोडी नाही. मास्तरांची नोकरी गेली. आम्ही पोराला घेऊन हद्दीपलीकडं सोलापूरला गेलो, तिथं त्यांनी एका शाळेत काम धरलं. अक्का आल्या नाहीत. वाईट दिवस होते, रझाकारांची टोळकी गावोगाव फिरत होती, माणसं घरं सोडून पळत होती, आणि ही बाई ओट्यावर बसून डाळ निवडत होती. राज्य बदललं तेव्हा आम्ही परत आलो. त्यानंतर त्या थोड्याच दिवसांत गेल्या. आजार लहानसा होता, वय झालं होतं. मला अजून त्यांची सवय सुटलेली नाही, कुणी काही करू नकोस म्हटलं की मी आधी विचारते, कुणी सांगितलं. पण मला सांगायचंय ते कचेरीतलं.

जेवणानंतर काही दिवसांतच धाराशिवच्या कचेरीतून बोलावणं आलं, अक्कांच्या नावानं, कारण घर त्यांचं. अमीनसाहेबांनी आपल्या परीनं नुसतं जेवण झालं असंच कळवलं होतं म्हणे, पण बातमी दुसरीकडून पोचली होती. आम्ही छकड्यातून गेलो. आतले साहेब वयस्कर होते, अदबीनं बोलले. अक्कांना खुर्ची दिली. म्हणाले, मुचलका लिहून द्या, की झालं ते चुकलं आणि पुन्हा घरात असा जमाव जमवणार नाही. तेवढा अंगठा दिलात की विषय मिटला. नाहीतर उद्यापासून तुमच्या मुलाची शाळेतली नोकरी राहणार नाही.

मी अक्कांच्या तोंडाकडं बघत होते. आता त्या विचारतील, कुणी सांगितलं, बोलवा त्याला. त्यांनी काही विचारलं नाही. त्यांनी मास्तरांकडं बघितलं, मग माझ्या कडेवरच्या पोराकडं बघितलं. मग त्या म्हणाल्या, "आणा शाई."

माझा विश्वास बसेना. कारकुनानं शाई आणली, त्यांचा अंगठा धरला, नीट माखला. कागद पुढं सरकवला. अक्कांचा हात खाली गेला आणि मास्तरांनी मनगट धरलं.

"राहू दे अक्का," ते म्हणाले. मग साहेबांकडं वळले आणि त्यांच्या त्या सुरेख उर्दूत म्हणाले, की निबंध मी लिहिला, मी वाचला, मुचलका माझ्याकडं मागा. आणि मी तो देणार नाही, कारण त्यात चुकण्यासारखं काही नव्हतं. साहेब म्हणाले, मास्टर, विचार करा, घरात लहान मूल आहे. मास्तर म्हणाले, केलाय विचार. अक्कांचं मनगट त्यांनी तोवर सोडलं नव्हतं.

आम्ही बाहेर आलो. अक्का दारात थांबल्या आणि आपल्या काळ्या अंगठ्याकडं बघत राहिल्या. कचेरीच्या भिंतीला नुकताच चुना दिला होता, दाराशेजारची भिंत पांढरीशुभ्र होती. त्यांनी तिच्यावर अंगठा टेकवला, नीट, दाबून. पहाऱ्यावरचा शिपाई बघत राहिला. "सायबाला सांग," त्या त्याला म्हणाल्या, "अंगठा पायजे व्हता न्हवं. दिलाय."

मग छकड्यात बसल्यापासून तेरपर्यंत त्या मास्तरांना शिव्या देत होत्या. हातची नोकरी घालवलीस, लेकराच्या तोंडचा घास काढलास, तुला अक्कल कधी येणार, असं सगळं, अर्धं मराठीत आणि अर्धं कानडीत. आणि सगळी वाट त्यांनी मास्तरांचा हात आपल्या मांडीवर घट्ट धरून ठेवला होता.